पिशवीत एकच वजन

उपवासकाळ आणि मार्चअखेर जवळजवळ दरवर्षी एकत्रच येतात. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घेतलेला विमा एजंट चार-पाच आठवड्यांत टार्गेटच्या तक्त्यासमोर उभा असतो. वरिष्ठांचे फोन सुरू असतात. ‘टॅक्स वाचवायचाय, पटकन काहीतरी सांग’ म्हणणारे ग्राहक दारात असतात. आणि ज्या पॉलिसीत ग्राहकाचं फारसं भलं नाही, तीच विकायला सगळ्यांत सोपी असते. तुम्ही म्युच्युअल फंड वितरक असा, विमा एजंट, बँकेतले रिलेशनशिप मॅनेजर किंवा सेबीकडे नोंदणी केलेले गुंतवणूक सल्लागार. तुमच्या श्रद्धेचा रोजचा कस इथेच लागतो.

टेबलावर क्रूस ठेवावा का, व्हिजिटिंग कार्डावर वचन छापावं का, हे प्रश्न इथे दुय्यम आहेत. या व्यवसायातली मोठी अडचण अशी, की सल्ला घेणाऱ्याला तो सल्ला तपासता येत नाही. चुकीच्या पॉलिसीचा फटका दहा-पंधरा वर्षांनी कळतो, तोवर एजंटाने कामही सोडलेलं असतं. म्हणून ग्राहकाची नजर पोहोचत नाही तिथे आपण काय करतो, यावरच आपली श्रद्धा तपासायची. पुढच्या सगळ्या सूचना या एका गोष्टीतून निघालेल्या आहेत.

आपण कोण, ते आधी सांगा

लोक सगळ्यांनाच ‘सल्लागार’ म्हणतात. कायदा तसं म्हणत नाही. अ‍ॅम्फीचा एआरएन क्रमांक घेऊन फंड विकणारा तो वितरक. त्याला फंड कंपनीकडून कमिशन मिळतं. सेबीच्या २०१३च्या नियमांखाली नोंदणी झालेला सल्लागार ग्राहकाकडून फी घेतो आणि त्याच ग्राहकाच्या गुंतवणुकीवर कमिशन घेऊ शकत नाही. विमा एजंट हा कंपनीचा प्रतिनिधी. तिन्ही कामं सचोटीने करता येतात. पण वितरकाने स्वतःला स्वतंत्र सल्लागार म्हणवून घेणं सेबीच्या नियमात बसत नाही आणि डोंगरावरील प्रवचनातल्या सरळ बोलण्याच्या शिकवणीतही बसत नाही.

पहिल्याच भेटीत असं सांगता येतं: ‘रेग्युलर प्लॅन घेतलात तर मला दरवर्षी कमिशन मिळतं. डायरेक्ट प्लॅनमध्ये ते मिळत नाही, आणि तुमचा खर्च कमी होतो. तुम्हाला स्वतः सांभाळता येत असेल तर डायरेक्ट स्वस्त पडेल. माझी मदत हवी असेल तर रेग्युलर घ्या.’ डायरेक्ट प्लॅन १ जानेवारी २०१३पासून उपलब्ध आहेत, तरी अनेक ग्राहकांनी हा शब्दही ऐकलेला नसतो. दोन्हींच्या खर्चात १ टक्का फरक धरा. १० लाख रुपये २० वर्षं १२ टक्क्यांनी वाढले तर सुमारे ९६ लाख होतात, ११ टक्क्यांनी वाढले तर सुमारे ८१ लाख. मधले १५ लाख ही तुमच्या सेवेची किंमत. तेवढ्याची सेवा आपण खरोखर देतो का, हे आधी स्वतःला विचारा.

अनुवादाच्या २५व्या अध्यायात पिशवीत एक मोठं आणि एक लहान अशी दोन वजनं ठेवायला मनाई केली आहे. आपल्या धंद्यात जाणकार ग्राहकासाठी एक वजन निघतं आणि भाबड्यासाठी दुसरं. त्यावर उपाय साधा आहे. प्रत्येक शिफारशीआधी कागदावर लिहा: सगळ्या योजनांवर कमिशन सारखंच असतं, तर मी काय सुचवलं असतं? हे उत्तर आणि तुमची शिफारस जुळत नसेल तर शिफारस बदला. तो कागद ग्राहकाच्या फायलीत राहू द्या.

मार्चमधलं नेहमीचं उदाहरण घेऊ. ३२ वर्षांचा माणूस, दोन लहान मुलं, डोक्यावर गृहकर्ज, आणि करबचतीसाठी हातात ५० हजार रुपये. एन्डाउमेंट पॉलिसी दिली तर त्याला विमा मिळतो ५ ते १० लाखांच्या आसपास. एवढ्या रकमेत त्याच्या मागे मुलांची दोन-तीन वर्षंही नीट निघणार नाहीत. त्याच ५० हजारांतल्या थोड्याशा भागात १ कोटीचा टर्म प्लॅन बसतो आणि उरलेल्यातून एसआयपी सुरू होते. तुमचं पहिल्या वर्षाचं कमिशन मात्र बरंच घटतं. शिवाय २०२३-२४पासून नवी करप्रणाली हीच मूळ धरली जाते आणि तिच्यात विम्याच्या हप्त्यावर वजावट नाही. ग्राहक नव्या प्रणालीत असेल, तर करबचतीच्या नावाने पॉलिसी विकणं ही सरळ थाप आहे. तो कुठल्या प्रणालीत आहे हे विचारल्याशिवाय फॉर्म बाहेर काढू नका.

वरून दबाव आला तर

बँकेतल्या तरुण कर्मचाऱ्यांची कोंडी जास्त. मुदत ठेव मोडायला आलेल्या आजोबांना युलिप द्या, असं तोंडी सांगितलं जातं. युलिपमध्ये पैसे ५ वर्षं अडकतात, आजोबांना ते सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेसाठी हवे असतात. अशा वेळी राजीनामा आणि शरणागती एवढे दोनच मार्ग दिसतात. दानिएलने बाबेलच्या दरबारात तिसरा मार्ग काढला होता. त्याने नोकरी सोडली नाही आणि राजाचं अन्नही घेतलं नाही. देखरेख करणाऱ्यापुढे त्याने दहा दिवसांच्या चाचणीचा प्रस्ताव ठेवला.

तुम्हीही पर्याय घेऊन जा. ‘सर, ही केस मी करणार नाही, ग्राहकाला पैसे वर्षाच्या आत लागणार आहेत. त्याऐवजी या महिन्यात मी टर्म आणि आरोग्य विम्याच्या इतक्या केसेस आणतो.’ ग्राहकाचं वय, गरज आणि मुदत ईमेलवर नोंदवून ठेवा. लेखी आल्यावर बरेच तोंडी आदेश विरतात. तरीही दरमहा चुकीची विक्री हीच नोकरीची अट असेल, तर दुसरी नोकरी शोधायला लागा. घरचा हप्ता थकू नये म्हणून सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवण्याचा सल्ला आपण ग्राहकाला देतो. तो स्वतः पाळला असेल तर ‘नाही’ म्हणणं पुष्कळ सोपं जातं.

पॅरिश ही बाजारपेठ नव्हे

ख्रिस्ती सल्लागाराला सगळ्यांत मोठा मोह चर्चच्या आवारातच भेटतो. मिस्सा सुटल्यावर एखादी मावशी जवळ येते. जमिनीचे किंवा नवऱ्याच्या फंडाचे पैसे आलेले असतात. ‘तू आपल्यातला आहेस, तू सांगशील तिथे टाकते,’ ती म्हणते. तिने तुमचा फंड बघितलेला नाही, तुमचं शिक्षण बघितलेलं नाही. तुम्ही वाचन करता, गायनवृंदात गाता, एवढंच तिने बघितलं आहे. हा विश्वास तिच्या देवावरच्या विश्वासातून आलेला आहे. तो व्यवहारात खर्च करण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

‘मावशी, इथे नको. मंगळवारी ऑफिसात या, मुलीला बरोबर आणा, आणि तोवर पैसे बँकेतच राहू द्या.’ एवढं बोललात तरी अर्धं काम झालं. ऑफिसात आल्यावर तिला अनोळखी ग्राहकासारखेच सगळे प्रश्न विचारा, सगळी कागदपत्रं द्या आणि दुसऱ्या कुणाचं मत घ्यायलाही सांगा.

आणखी काही पथ्यं पाळायची. फादरांकडून किंवा पाळकांकडून शिफारस मागू नका. प्रार्थना सभेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर योजनांची माहिती टाकू नका. सही घेण्याआधी ग्राहकाबरोबर प्रार्थना करू नका. डोळे मिटून ‘आमेन’ म्हटल्यावर ‘मला विचार करू दे’ म्हणणं माणसाला जड जातं. परताव्याच्या तक्त्याशेजारी वचन छापू नका.

आर्थिक व्यवहार समजणारा माणूस म्हणून तुम्हाला कधीतरी चर्चच्या समितीवर बोलावलं जाईल. कॅथलिक धर्मविधीसंहितेच्या ५३७व्या नियमानुसार प्रत्येक पॅरिशला वित्त समिती असावीच लागते. सेवा जरूर करा, पण चर्चचा पैसा आपल्या एआरएनमधून फिरवू नका. ट्रस्टचा पैसा कुठे गुंतवता येतो यावर १९५०च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याची बंधनं आहेत, ती समितीला समजावून सांगणं हेच तुमचं मोठं योगदान. जिथे तुमचा किंवा नातेवाइकाचा संबंध येतो, तिथे तो इतिवृत्तात नोंदवून चर्चेतून उठा.

श्रद्धेच्या नात्यातून पैशाचं चांगलं काम होतंच. फादर जॉन बॅप्टिस्ट हॉफमन या येशूसंघीय धर्मगुरूंनी १९०९मध्ये छोटा नागपूरच्या आदिवासींसाठी सहकारी पतसंस्था उभी केली. वसईत बॅसीन कॅथलिक सहकारी बँकेची सुरुवात १९१८ची. या संस्था टिकल्या, कारण तिथे ओळखीवर भागवलं गेलं नाही. नोंदणी होती, सभासदांपुढे मांडलेला हिशेब होता. याउलट ‘आपल्याच माणसाची स्कीम’ म्हणून चर्चमधून पसरणारी योजना बहुधा नोंदणीशिवायची असते. महिना ५ टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला सुमारे ८० टक्के. एवढा परतावा प्रामाणिकपणे, हमीने, कुणीही देऊ शकत नाही. नोंदणीशिवाय ठेवी गोळा करायला २०१९च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. अशी योजना तुमच्या मंडळीत फिरत असेल तर गप्प राहू नका. सेबीच्या संकेतस्थळावर नाव शोधून दाखवा, फादरांना किंवा पाळकांना भेटा, वाईटपणा आला तर घ्या.

वारसाहक्काचं ज्ञान

ख्रिस्ती कुटुंबाला तुम्ही देऊ शकाल अशी सर्वांत उपयोगाची गोष्ट फंडाच्या यादीत नाही. तिचा संबंध १९२५च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाशी आहे. मृत्युपत्र न करता ख्रिस्ती पुरुष गेला, तर पत्नीला एक तृतीयांश आणि मुलांना मिळून दोन तृतीयांश मिळतं. मुलगे-मुली सारखे वाटेकरी. ९० लाखांच्या मालमत्तेत पत्नीचे ३० लाख. राहतं घर आपलंच, असं समजणाऱ्या विधवेला हे फार उशिरा कळतं. मूलबाळ नसेल तर पत्नीला निम्मं आणि बाकीचं नवऱ्याच्या रक्ताच्या नातेवाइकांना. ‘मी नॉमिनी आहे’ म्हणून भागत नाही. फंड आणि शेअरच्या बाबतीत नॉमिनी वारसांची जागा घेत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये पुन्हा स्पष्ट केलं.

म्हणून प्रत्येक ख्रिस्ती ग्राहकाला मृत्युपत्राबद्दल विचारा. दोन साक्षीदार लागतात, आणि त्या साक्षीदारांना मृत्युपत्रातून काही मिळणार नसावं. लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्न झाल्यावर रद्द होतं. विधुराने दुसरं लग्न केलं तरी हाच नियम. ज्येष्ठांना चर्चला किंवा अनाथाश्रमाला काही द्यायचं असतं. जवळचे नातेवाईक असताना अशा देणगीवर ख्रिस्ती माणसांना जाचक अटी घालणारं कलम ११८ सर्वोच्च न्यायालयाने २००३मध्ये घटनाबाह्य ठरवलं. तरीही जुन्या समजुतीने अनेक जण कचरतात. गोव्यातल्या कुटुंबांना मात्र वेगळा कायदा लागू आहे. तिथे पती-पत्नीची मालमत्ता सहसा सामाईक धरली जाते आणि मुलं असतील तर निम्म्याच हिश्श्याचं मृत्युपत्र करता येतं. तिथल्या वकिलाकडे पाठवा.

आणखी दोन बाबी. अविभक्त हिंदू कुटुंबाचं करखातं ख्रिस्ती कुटुंबाला उघडता येत नाही, तेव्हा ऐकीव सल्ल्यावर ते सुचवू नका. आणि धंदेवाईक ग्राहकाचा टर्म प्लॅन १८७४च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली काढा. ती रक्कम पत्नी-मुलांसाठी राखली जाते, नवऱ्याच्या घेणेकऱ्यांना तिला हात लावता येत नाही. त्याचा फॉर्म पॉलिसी काढतानाच भरावा लागतो. यांतल्या कशावरही कमिशन वाढत नाही. विधवांची आणि अनाथांची काळजी घ्या, असं शास्त्र वारंवार सांगतं. तुमच्या टेबलावर त्या आज्ञेचं पालन असं होतं.

दान, कर्ज आणि सदसद्विवेक

दशांश देणारा ग्राहक दिसला की कपातीची पहिली कात्री तिथे लावू नका. दान हा त्याचा हक्क आहे. खर्चाच्या अंदाजात ते पहिल्या ओळीत लिहा आणि बाकीचं त्याभोवती बसवा. पण तोच ग्राहक क्रेडिट कार्डावर वर्षाला ३६ टक्के किंवा त्याहून जास्त व्याज भरत असेल, तर तेही स्पष्ट मांडा. दिलं की शंभरपट परत येतं, या आशेने कर्ज काढून देणाऱ्याला थांबवा आणि त्याच्या पाळकांशी बोलायला सांगा. करवजावटीचं खोटं आश्वासन नको. निव्वळ धार्मिक कारणासाठी दिलेल्या दानाला ८०जीची सवलत सहसा मिळत नाही, नव्या करप्रणालीत तर ती नाहीच.

गुंतवणूक कुठे नको, हाही श्रद्धेचा प्रश्न आहे. साधा निफ्टी ५० इंडेक्स फंड घेतला तरी त्यात सिगारेट विकणारी आयटीसी येते. व्हॅटिकनच्या सामाजिक शास्त्रांच्या अकादमीने २०२२मध्ये ‘मेन्सुराम बोनाम’ ही पुस्तिका काढली, ती श्रद्धेशी सुसंगत गुंतवणुकीचे निकष मांडते. मात्र इथे तुमचं मत ग्राहकावर लादू नका. दारू पूर्ण वर्ज्य मानणारं मेथडिस्ट कुटुंब आणि लग्नात वाइन वाढणारं वसईचं किंवा गोव्याचं कुटुंब, दोघंही ख्रिस्ती आहेत. त्यांनाच विचारा, ‘कुठल्या धंद्यात तुमचा पैसा नको?’ उत्तर आलं तर तसे फंड शोधा, आणि निवड अरुंद झाली की जोखीम कशी बदलते तेही सांगा.

ग्राहक ख्रिस्ती नसेल तेव्हा

महाराष्ट्रात तुमचे बहुतेक ग्राहक हिंदू, मुस्लिम, बौद्ध, जैन असणार. त्यांना तीच काळजी, तोच वेळ, तोच खुलासा. पैशाची चिंता घेऊन आलेला माणूस त्या घडीला दुबळा असतो; त्याला धर्म सांगायची ती वेळ नव्हे. ‘तुम्ही स्वतःचं नुकसान करून मला हे का सांगितलंत?’ असं कुणी विचारलंच, तर लाजू नका, थोडक्यात कारण सांगा. पेत्राच्या पहिल्या पत्रात हेच सुचवलं आहे: विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असावं, पण सौम्यतेने.

बाजार कोसळतो तेव्हा

२०२०च्या जानेवारीत १२,३००च्या वर गेलेला निफ्टी २३ मार्चला ७,६१०पर्यंत आला. चर्च बंद होते, तो उपवासकाळही ऑनलाइन मिस्सेत गेला. अशा दिवसांत ग्राहकाचा फोन यायची वाट बघू नका, तुम्ही फोन करा. मोठी रक्कम असलेल्यांपासून सुरुवात न करता निवृत्तांपासून आणि एकट्या बायकांपासून करा. ‘देव सांभाळेल’ हे त्यांना फादर सांगतील. तुमच्याकडून त्यांना हे हवं असतं की पुढच्या तीन वर्षांच्या खर्चाचे पैसे कुठे आहेत. ते शेअर बाजारात नसतील याची सोय तुम्ही आधीच केलेली असावी. योसेफाने धान्य साठवलं ते सुकाळातच. बँकेतल्या ठेवींनाही हे लागू आहे: विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच आहे, म्हणून मोठी रक्कम विभागून ठेवायला सांगा.

जुन्या फायली उघडा

ज्याला या व्यवसायात काही वर्षं झाली, त्याच्या कपाटात अशा फायली असतातच, ज्या आज त्याने केल्या नसत्या. लूकच्या १९व्या अध्यायातला जक्कय आपण रविवारच्या शाळेत झाडावर चढणारा बुटका माणूस म्हणून शिकतो. तो जकातदारांचा प्रमुख होता, म्हणजे पैशाच्याच धंद्यातला. येशू घरी आल्यावर त्याने आधी हिशेब काढला: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. येशूने ते मागितलं नव्हतं.

आपल्याला चौपट देणं शक्य नसेल, पण फायली उघडता येतात. महिन्याला पाच ठरवून घ्या. पॉलिसी नुकतीच दिली असेल आणि ती चुकीची वाटत असेल, तर कागद हाती आल्यापासून ३० दिवसांच्या फ्री-लुक मुदतीत ती परत करता येते. ग्राहकाला स्वतः फोन करून सांगा. कमिशन परत जाईल, जाऊ द्या. पॉलिसी जुनी असेल तर कंपनीकडून सरेंडर आणि पेड-अप या दोन्ही रकमा लेखी मागवा आणि पुढे हप्ते भरण्याशी त्यांची तुलना ग्राहकासमोर मांडा. कधी ती चालू ठेवणंच फायद्याचं निघेल, तेही सांगा. बंद केल्यावर मोकळ्या झालेल्या पैशातून लगेच नवी विक्री करू नका, नाहीतर दुरुस्तीचाच धंदा होईल. आणि ग्राहकाने चिडून फाइल दुसऱ्याकडे नेली, तर सगळी कागदपत्रं नीट लावून त्याच्या हाती द्या.